वरून पाहिलेली घाटंजी

यशोदा आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगा सोलणं. जानेवारीतली सकाळ होती. ओसरीवर मधात सूप, एका अंगाला ती, एका अंगाला मी. माझी एक शेंग होईपर्यंत तिच्या तीन होत. सोले (ओले दाणे) सुपात टाकता टाकता ती म्हणाली, “घराचा पाया मांगं घ्या. समोर तळं होतं.” मी म्हणालो, “तुह्या बापानं खोदलं होतं काय?” ती हसली नाही. मी किडक्या शेंगाही सोलत होतो म्हणून तिनं माझ्या पुढचा ढीग आपल्याकडे ओढून घेतला. रात्री सोले-वांग्याची भाजी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी जरा पाठ टेकते म्हणून ती आडवी झाली, ती उठली नाही.

या तळ्याचं भांडण आमच्या लग्नाइतकं जुनं. मी पांढरकवड्याकडचा. विशीत घाटंजीला आलो, जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) हमाल म्हणून लागलो. यशोदा घाटंजीचीच, जिनिंगच्या मागच्या वस्तीत वाढलेली. जिनिंगला लागून आम्हाला जागा मिळाली, तेव्हाच ती म्हणाली होती की रस्त्याकडचा भाग तळ्यातला आहे, मागचा भाग म्हणजे तळ्याची पाळ (उंच बांध), घर मागं बांधा. मी आलो तेव्हा तिथं तळं नव्हतं. सपाट जमीन होती, पोरं विटीदांडू खेळत. जे मी पाहिलं नाही ते नव्हतं, असा माझा हिशोब. आणि खरं सांगतो, मला घर रस्त्यावरच पाहिजे होतं. आमच्या लोकांची घरं सात पिढ्या सगळ्यांच्या मागं राहिली. माझं तोंड रस्त्याला पाहिजे होतं.

घर बांधलं. समोरची भिंत दोनदा तडकली, दोनदा पाडून बांधली. मी गवंड्याला शिव्या दिल्या, सिमेंटला दिल्या, काळ्या मातीला दिल्या. नातीच्या नामकरणाच्या पंगतीत यशोदानं पुन्हा तळ्याचा विषय काढला, तेव्हा वस्तीतल्या बायकांसमोर मी तिला खोटारडी म्हणालो. त्यानंतर लोकांत तिनं तळ्याचं नाव काढलं नाही. घरात मात्र सोडलं नाही.

आता पोरानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं होतं, तोवर आम्ही शेजारी भाड्याच्या घरात राहत होतो. फक्की (चुन्याची भुकटी) टाकून आखणी झाली होती, माझ्या म्हणण्याप्रमाणे, रस्त्यालगत. ती गेल्यामुळे काम थांबलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि गफूर मिस्त्रीनं निरोप पाठवला की शुक्रवारी खोदायला येतो. त्याच आठवड्यात यवतमाळला शिकणारी नात घरी आली होती. ती बोलता बोलता म्हणाली की त्यांच्या कॉलेजात एक म्हातारे गृहस्थ विमानातून काढलेले जुने फोटो दाखवायला आले होते, त्यात आपली घाटंजीपण होती, पार जुनी, जिनिंगच्या चिमणीसकट. मी विचारलं, तळं होतं काय त्यात? ती म्हणाली, “आबा, मी कायले पाहू तळं? मले कुठं ध्यानात होतं तुमचं भांडण?”

तिनं चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी निघालो.

घाटंजीहून यवतमाळला मी शंभर वेळा गेलो असेन, पण एकटा खिडकीशी बसून पहिल्यांदाच. खिडकीची जागा तिची असायची. तिला गाडी लागत असे. बाजारओटे मागं पडले, नदीचा पूल गेला, आणि वावरं सुरू झाली. पऱ्हाटी (कापसाची झाडं) अजून उभी होती, पण बोंडं लहान, आणि वेचणाऱ्या बायका कुठं कुठंच. ती कापसाची वाईट सालं. रस्त्यालगतच्या कितीतरी वावरांत पऱ्हाटीच्या जागी चुना फासलेले दगड रोवलेले दिसले, म्हणजे प्लॉट पडले. शेजारी बसलेला माणूस सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा सरकारला बोलत होता. कंडक्टर म्हणाला, काका, तिकीट काढा आन् मंग सरकार पाडा.

पुढं सागाचं जंगल लागलं. थंडीत पानं वाळून खडखड वाजत होती. घाट चढता चढता गाडी पंचर झाली, आणि स्टेपनी काढून पाहिली तर तिच्यातही हवा नव्हती. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकमेकांना दोष देत बसले. आम्ही खाली उतरलो. बोरांची टोपली घेऊन यवतमाळच्या बाजारात निघालेली एक कोलाम बाई दगडावर बसली होती. मला एकटा पाहून तिनं विचारलं, बुढी कुठं हाय? मी म्हणालो, गेली. मग ती म्हणाली, “आन् तुमी गावोगाव फिरून राह्यले?” बोलणं लागलं मला. पण तिनं ओंजळभर बोरं माझ्या रुमालात टाकली आणि बिया जंगलातच थुंका म्हणून सांगितलं, झाडं होतील. दुसरी गाडी यायला तास गेला. सगळी बोरं खाऊन झाली.

यवतमाळच्या स्टँडवर आलूबोंडा आणि तर्री (तिखट लाल रस्सा) खाल्ली. तर्री अशी की कान गरम झाले. कॉलेजात गेलो तर शिपाई म्हणाला, ते वामनराव कळंबला राहतात, इथं महिन्यातून एकदा येतात. चिठ्ठीवर गाव लिहायचं नात विसरली होती. परत घरी जावं असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. कळंबची गाडी धरली.

कळंबला जिथं तिथं चिंतामणी गणपतीच्या नावाची दुकानं. त्याचं देऊळ जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. मी देवळात जाणारा माणूस नाही. फुलवालीला पत्ता विचारायला थांबलो, तेवढ्यात वरूनच पाहून घेतलं. फुलवाली म्हणाली, फोटोवाला बुढा ना, तो पिवळ्या माडीचा. हातानंच रस्ता दाखवला.

वामनराव माझ्याच वयाचे निघाले. जन्मभर जमीन मोजणीच्या खात्यात नकाशे काढायची नोकरी, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. मी जयभीम म्हणालो. ते थोडं थांबले आणि म्हणाले, जयभीम, या वर. त्यांच्या पत्नींनी पाणी आणलं ते घरच्याच स्टीलच्या पेल्यात. मी ते पाहिलंच. माझ्या वयाचा माणूस पाहतोच.

माडीवरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कपाटात, खाटेखाली, ट्रंकेत फोटो. बाई म्हणाल्या, “हे गेले की सगळं रद्दीत देणार आहे मी.” वामनराव म्हणाले, “ही गेली की मी हॉलमध्ये मांडणार आहे.” दोघंही एकमेकांकडे न पाहता बोलले. असं बोलायला घरात दोन माणसं लागतात.

त्यांनी घाटंजीचे फोटो काढून टेबलावर मांडले, जुन्यापासून नव्याकडे. काळे-पांढरे, वहीच्या पानापेक्षा थोडे मोठे. आधी मला काहीच कळलं नाही, भाकरी करपल्यावर दिसते तसं दिसलं. मग त्यांनी बोट ठेवलं: ही नदी, हा बाजार, ही तुमची जिनिंग. आणि एकदम गाव उघडलं. सगळ्यात जुन्या फोटोत घरं मूठभर होती, झाडं भरमसाट. जिनिंगच्या आवारात पांढरे ठिपके होते, कापसाच्या गंज्या (ढीग). त्या अख्ख्या फोटोत त्यांच्याइतकं पांढरं दुसरं काही नव्हतं. त्यानंतरच्या फोटोत गंज्या वाढल्या, झाडं कमी झाली, आमच्या वस्तीच्या ओळी दिसू लागल्या. शेवटच्यात जिनिंगचं आवार रिकामं, नुसतं करडं, आणि गाव वावरांत पसरलेलं. मी ज्या आवारात वीस वर्षं पाठीवर कापूस वाहिला ते बोटाच्या नखाएवढं होतं. मी त्यावर नख ठेवून पाहिलं.

त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात गाड्या भरून माणसं येत. जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या दारात उभं राहून त्याच्या बायकोचे फोटो काढत. या विमानवाल्यानं आमचं कोणी मेलं म्हणून फोटो काढले नव्हते. गाव होतं म्हणून काढले होते. मला हे बरं वाटलं.

मी तळ्याचं विचारलं. वामनराव म्हणाले, नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही, हा जुना फोटो उन्हाळ्यातला आहे, पाणी आटलेलं असेल, जमिनीचा चढउतार पाहावा लागेल. त्यांनी लोखंडी पायांचं दोन भिंगांचं एक यंत्र काढलं. विमान सरळ जाताना एकाच जागेचे दोन फोटो थोड्या थोड्या अंतरानं काढतं. ते दोन शेजारी ठेवून या भिंगांतून एक एका डोळ्यानं, एक दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं की जमीन उठून येते, असं त्यांनी सांगितलं. जोडीचे फोटो त्यांच्या बाईंनी आदल्या दिवशीच पुसून एका पुठ्ठ्यावर लावून ठेवले होते. तो पुठ्ठा त्यांनी तसाच भिंगांखाली सरकवला.

माझे दोन्ही मोतीबिंदू काढलेले. बराच वेळ दोन चित्रं दिसत राहिली. वामनराव म्हणाले, ताणू नका, दूर पाहिल्यासारखं पाहा. आणि मग झालं ते सांगायला मला शब्द नाहीत. फोटोतली जमीन हलली आणि वर आली. जणू गावावर वाकून कोणी पाहतं आहे. जिनिंगच्या मागं, आमची जागा जिथं पडते तिथं, एक गोल उंचवटा होता. टेकडीसारखा. तळं नाही, खड्डा नाही. उंच जमीन.

मी म्हणालो, “तिथं तं टेकडी हाये.”

म्हणजे मी खरा. चाळीस वर्षं मी खरा होतो. घर रस्त्यालगत बांधायला हरकत नव्हती, भिंत गवंड्यामुळेच तडकली होती, आणि पंगतीत मी बोललो ते बरोबर होतं. वामनराव म्हणाले, झालं तर मग, तुमचं काम झालं. त्यांच्या बाई चहा घेऊन आल्या. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी कप तसाच खाली ठेवला. ती खोटं बोलत होती, हे घेऊन मी घरी जायचं होतं.

निघण्याआधी एकदा जिनिंग पाहून घ्यावी म्हणून मी पुन्हा भिंगांवर वाकलो. गंज्या शोधल्या. त्या खड्ड्यांसारख्या दिसत होत्या, कापसानं भरलेल्या खड्ड्यांसारख्या. मी चिमणी शोधली. चिमणी विहिरीसारखी खाली गेली होती.

त्या चिमणीच्या सावलीत मी वीस वर्षं भाकर खाल्ली आहे. ती खाली जाणारी चीज नाही. मला भिंगांतलं काही कळत नाही, पण चिमणी कळते. आणि त्या वेळी माझ्या मनात आलं ते लिहून टाकतो: गप्प बसावं. वामनरावांनी पाहिलं नव्हतं. मी खरा ठरलो होतो, मला खोटं पाडणारी आता नव्हती. उद्या गफूर मिस्त्री रस्त्यालगत खोदेल, घराचं तोंड रस्त्याला येईल. चहा निवत होता.

मग म्हणालो, “साहेब, चिमनी विहिरीत कशी गेली?”

वामनराव वाकले, आणि पुठ्ठा बाहेर ओढून त्यांनी कपाळावर हात मारला. फोटोंची अदलाबदल झाली होती. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. असं झालं की उंच ते खोल दिसतं आणि खोल ते उंच. ते बाईंवर तापले, माझ्या फोटोंना हात लावू नको म्हणून हजारदा सांगितलं. बाई म्हणाल्या, “मग धूळ तुम्ही खात जा.” आणि कप उचलू लागल्या. मी म्हणालो, साहेब, बोलू नका त्यायले, त्यायनं पुसून ठेवले म्हणून दिसून राह्यले. बाईंनी माझा निवलेला चहा नेऊन गरम करून आणला.

फोटो बदलले. मी पाहिलं. चिमणी डोळ्यात शिरेल अशी वर आली. गंज्या वर आल्या. आणि टेकडी बसली. बसत बसत खाली गेली, पसरट ताटलीसारखी. मधात काळा ठिपका, तो उरलेल्या पाण्याचा. आणि मागच्या अंगानं धनुष्यासारखी एक उंच रेघ, तिच्यावर झाडं. पाळ. तिनं सांगितलेली पाळ, तिनं सांगितलेल्या बाजूला.

चिमणीपासून माझं दार किती पावलं ते मला पाठ होतं. भोंगा झाला की उठून जायचं असे. मी पावलं सांगितली, वामनरावांनी फुटपट्टी लावून हिशोब केला आणि माझी जागा पेन्सिलीनं एवढीशी आखली. समोरचा अर्धा भाग ताटलीत, मागचा पाळीवर. नंतरच्या एका फोटोत तळं बुजवलेलं होतं, पण तिथं गोल काळसर डाग तसाच. ते म्हणाले, भरावाखाली ओल धरते, ओली माती काळी येते, अशा जागी पाया बसतच नाही. मी विचारलं, भिंत तडकते? ते म्हणाले, दर दोन-चार पावसाळ्यांनी.

त्यांनी पातळ कागदावर तळं, पाळ आणि माझी जागा उतरवून दिली. खाली त्यांच्या बाई सोडायला आल्या. त्यांनी विचारलं, कोणाशी पैज लागली होती का एवढी? मी म्हणालो, घरच्याशी. त्या म्हणाल्या, मग हरलात की जिंकलात? मी सांगितलं, ती जिंकली. बाई म्हणाल्या, “मग लवकर जा, वाट पाहत असतील.” मी बरं म्हणालो. खरं सांगायला तिथं उभं राहवलं नाही.

परतीच्या गाडीत उन्हं उतरत होती. घाटाखाली येताना सगळी वावरं पिवळी दिसत होती. मी कागद उघडून पुन्हा पुन्हा पाहिला. लोक म्हणतात, दूर गेल्यावर माणसाला गाव कळतं. मला गाव कळायला आकाशात जावं लागलं, तेही दुसऱ्याच्या विमानातून. आणि वरून पाहिलं तरी ते उलटं दिसू शकतं. यशोदानं ते लहानपणी पायांनी पाहिलं होतं. त्या पाण्यात उभी राहून तिनं म्हशी धुतल्या होत्या. तिला भिंग लागलं नाही. मी चाळीस वर्षं तिच्या शेजारी जेवलो, निजलो, आणि माझ्या डोळ्यांपुढे ते फोटो उलटेच लावलेले होते. लावणारा मीच.

घरी आल्यावर पोरगा म्हणाला, काय झालं? मी सांगितलं, सकाळी पाहू.

शुक्रवारी सकाळी उजाडताच मी कुदळ घेतली आणि समोर, फक्कीच्या रेघेवर, खोदायला लागलो. आधी मुरूम निघाला. मग विटांचे तुकडे आणि जिनिंगच्या भट्टीची राख. दम लागला की बसत होतो. मांडीइतकं खोल गेल्यावर माती बदलली. काळी, लोण्यासारखी, वास येणारी. त्यात पांढरे शिंपले होते, गोगलगाईंचे, बोटाच्या पेराएवढे. सून माया चहा घेऊन आली आणि खड्ड्याशी थबकली. मी मूठभर शिंपले तिच्या हातात ठेवले. म्हणालो, “हे तुह्या सासूचं तळं.” तिनं चहा खाली ठेवला आणि ते पदरात घेतले.

तेवढ्यात गफूर मिस्त्री दोन माणसं घेऊन आला. मी सांगितलं, पाया इथं नाही, मागं घ्यायचा, पाळीवर. तो वैतागला. आखणी झाली, खुंट्या गाडल्या, दोरी बांधली, आता कुठं मागं? हापशीवर बायका पाणी भरत होत्या. त्यांच्यात नामकरणाच्या पंगतीत बसलेल्याही दोघी होत्या. गफूरनं विचारलं, “कोन म्हन्ते मांगं घ्या म्हून?”

मी हापशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “माही बायको म्हन्ते.”

हापशी थांबली. गफूरनं माझ्याकडे पाहिलं, खड्ड्यातल्या काळ्या मातीकडे पाहिलं, आणि आपल्या माणसांना म्हणाला, “चलो, पीछे.” मी खड्ड्यातून वर आलो आणि रस्त्याकडची पहिली खुंटी उपटली.